बँकॉकची रात्र आणि चौविहार
हिवाळ्यात बँकॉकला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा चाकूरच्या बाजारात साडेचार वाजलेले असतात. चौविहार पाळणाऱ्या व्यापाऱ्याची पंचाईत इथेच होते, कारण चाओ फ्राया नदीवरील जेवणाच्या बोटी सूर्यास्तानंतर सुटतात. यजमानास आधीच सांगावे: जेवण पाचला, नदी नंतर. थाई भाजीतही माशांचा सॉस असतो. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरांत ‘जे’ लिहिलेले दुकान शोधावे. तेथे मांसमासळीच काय, कांदा-लसूणही वर्ज्य! कंदमुळांचे मात्र विचारून घ्यावे. मग जुन्या गोदामांच्या जागी २०१२ साली उघडलेल्या एशियाटिक या नदीकाठच्या रात्रबाजारात निवांत हिंडावे. मद्यालयांच्या गल्ल्या वगळाव्यात. बोटीतून दिसणारे वाट अरुण मंदिराचे उजळलेले शिखर चुकवू नये.