स्वर राहतात, व्यंजनें जातात

म्हातारपणीं माणसाला 'कमी ऐकूं येतें' असें आपण सहज म्हणतों; परंतु हें वर्णन अपुरें आहे. ऐंशीच्या घरांत पोंचलेली माझी मावशी पनवेलीस आमच्याजवळ असते. तिची तक्रार निराळीच आहे. "ऐकूं येतें रे, पण कळत नाहीं," असें ती म्हणते. घरांतील तरुण मंडळी यावर हसतात. तिला सोयीचें तेवढेंच ऐकूं येतें, असा त्यांचा समज. मला मात्र तिचें वाक्य शास्त्रदृष्ट्या अगदीं बिनचूक वाटतें.

फुप्फुसांतून निघालेला श्वास कंठांतील स्वरतंतूंना कंप देतो व नाद उमटतो. तो मोकळ्या मुखांतून बाहेर पडला कीं स्वर. आणि श्वासाला जिभेनें, दांतांनीं वा ओठांनीं वाटेंत अडविलें कीं व्यंजन. आपल्या पूर्वजांनीं हें नेमकें हेरून वर्णमालेंतील क, च, ट, त, प हे पांच वर्ग कंठापासून ओठांपर्यंत क्रमानें लाविले. आवाजाचा जोर स्वरांत असतो. अर्थाचा भार मात्र बराचसा व्यंजनांवर. 'साल', 'शाल', 'चाल', 'ताल' यांतील 'आ' एकच; अर्थ पालटतो तो आरंभींच्या व्यंजनानें.

आतां कानाकडे वळूं. पडद्यामागील हातोडी, ऐरण आणि रिकीब हीं तीन इवलीं हाडें पडद्याचा कंप आंतल्या शंखाकृति नळीस पोंचवितात. रिकीब तर सुमारें ३ मिलिमीटरांची. नळीला अडीचेक वेढे असतात. तिच्या तोंडाशीं असलेल्या केशपेशी उंच पट्टीचे ध्वनि टिपतात, आंतल्या टोकाकडील खालच्या पट्टीचे. वयोमानानें तोंडाजवळच्या पेशी आधीं झिजतात, आणि मनुष्याच्या कानांत त्या पुन्हां उत्पन्न होत नाहींत. स, श, थ, फ यांचा फूत्कार उंच पट्टींतला व क्षीण. प्रथम हरवतो तो तोच. स्वर मागें राहतात. म्हणजे 'ऐकूं येतें' हें खरें, आणि 'कळत नाहीं' हेंही खरें!

आमच्या दारीं येणारी मासळीवाली आगरी बोलते. 'पाणी' तिच्या तोंडीं 'पानी' होतें, 'डोळा' 'डोला' होतो. ण आणि ळ यांसाठीं तिची जीभ मागें वळत नाहीं. तरी मावशीला तिचें सारें बोलणें समजतें. कारण ती टोपली उतरवून समोर बसते, सावकाश बोलते. कानाला न गवसलेलें व्यंजन मावशी तिच्या ओठांवर वाचते. नातू मात्र पलीकडच्या खोलींतून, मोबाइलवरील नजर न काढतां बोलतो आणि उत्तर न आल्यास ओरडतो. ओरडण्यानें स्वर फुगतात, व्यंजनें जवळजवळ होतीं तशींच राहतात. मावशीपर्यंत शब्द पोंचत नाहीं, राग तेवढा पोंचतो. हल्लीं ती जेवतांना गप्प बसूं लागली आहे. बहिरेपणाहून मला या गप्प बसण्याचीच अधिक भीति वाटते.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. वांद्र्यास १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था वाणी व श्रवण यांच्याच कार्यास वाहिलेली आहे. कोणत्या पट्टींत किती उणें आहे हें मोजून त्याप्रमाणें श्रवणयंत्र लावतां येतें. चष्म्यांत कोणी कमीपणा मानीत नाहीं. मग कानाच्या यंत्राचाच एवढा संकोच कां? अर्थात् यंत्राचा सराव होण्यास कांहीं आठवडे लागतात. तोंवर, आणि त्यानंतरही, उठून समोर जाणें व तोंडाकडे पाहूं देऊन दोन शब्द बोलणें एवढें तरी घरांतील लहानथोर सर्वांच्या हातचें आहे.