चौघी लिस्बनमध्ये

घरच्यांबरोबर परदेशी शहरात फिरताना माझं निम्मं लक्ष माणसांत असतं. कोण मागे राहिलं, कुणाला भूक लागली, पासपोर्ट कुणाच्या पिशवीत आहेत. शहर बघायचं ते या सगळ्यातून उरलेल्या वेळात. जूनमधल्या एका शनिवार-रविवारी आम्ही चार मैत्रिणी लिस्बनला गेलो, तेव्हा हे सगळं खांद्यावरून उतरलं. चौघीही पन्नाशी ओलांडलेल्या. कुणी कुणाची जबाबदारी नव्हती.

आमची मैत्री लंडनच्या महाराष्ट्र मंडळातली, गणपतीत मोदक वळता वळता जमलेली. लंडनहून लिस्बन विमानाने पावणेतीन तासांवर. शुक्रवारी ऑफिस आटोपून निघालं की उशिराच्या जेवणाला तिथे. तिघींकडे ब्रिटिश पासपोर्ट, त्यामुळे आमची तयारी म्हणजे तिकीट आणि चांगले बूट. (बूट खरंच चांगले हवेत. तिथले चढ-उतार आणि चुनखडीच्या दगडांची गुळगुळीत फरसबंदी गुडघ्यांची परीक्षा बघते.) चौथी मात्र मडगावच्या ख्रिस्ती घरातली, लग्नाने पुण्याची, आणि पासपोर्ट भारतीय. तिला शेंगेन व्हिसा हवा. म्हणजे अपॉइंटमेंट, बँकेचे कागद, बोटांचे ठसे. तिच्या आईचा जन्म 1961 च्या आधी, गोवा पोर्तुगीजांकडे असतानाचा, म्हणून त्यांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता आलं असतं. त्यांनी ते कधी मागितलं नाही. आणि मुलगी व्हिसाच्या रांगेत. “तुम्ही जा गं, मी पुढच्या वेळी येईन,” असं ती म्हणायला लागली तेव्हा आम्ही तिकिटं काढणंच थांबवलं. तिचा व्हिसा हातात आल्यावर काढली, महागात पडली, पण मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

शनिवारी सकाळी 28 नंबरच्या ट्रामची प्रसिद्ध रांग सोडून आम्ही राष्ट्रीय अझुलेजो संग्रहालय गाठलं. अझुलेजो म्हणजे झिलई दिलेल्या, रंगवलेल्या टाइल्स. लिस्बनच्या भिंतीच त्यांनी मढवलेल्या आहेत. संग्रहालय आहे माद्रे दे देउश या जुन्या मठात. 1509 मध्ये राणी लिओनोरने तो जोगिणींसाठी स्थापन केला. तिथे सुमारे 23 मीटर लांबीचं, निळ्या-पांढऱ्या टाइल्सचं एक चित्र आहे. 1700 च्या आसपासचं नदीकाठचं अख्खं लिस्बन त्यात आहे: राजवाडा, चर्चची शिखरं, गलबतं. 1 नोव्हेंबर 1755 ला भूकंप झाला, त्यामागून समुद्राच्या लाटा आल्या, आगी लागल्या, आणि यातलं कितीतरी नाहीसं झालं. आमच्यातली एक आर्किटेक्ट आहे. “हा बघ राजवाडा. आता तिथे कोमेर्सियो चौक आहे,” असं म्हणत ती चित्राच्या कडेकडेने पावलागणिक सरकत होती. मी टाइल्सचे सांधे बघत बसले. ब्रशची निळी रेघ एका टाइलवरून पुढच्या टाइलवर जाताना केसभर हुकते, आणि तरी गलबताचं शीड भरलेलंच दिसतं. “झालं का? चला आता,” असं तिथे कुणीही म्हणालं नाही. एवढ्या निवांतपणे मी कुठलंच चित्र पाहिलेलं नव्हतं.

संध्याकाळी आल्फामा. हा जुना भाग भूकंपातून बराचसा वाचला. जून हा तिथे सांतो अंतोनियोच्या सणाचा महिना. गल्ल्यांवर रंगीत कागदी पताका, आणि दारोदारी कोळशावर भाजत असलेल्या तारल्यांचा धूर. वासानेच आमची मडगावकरीण खुलली. पोटभर तारल्या खाऊन आम्ही फादो हे पोर्तुगीज गाणं ऐकायला एका छोट्या खानावळीत शिरलो. गाणं सुरू व्हायच्या आधी दिवे मंद केले, वाढपी हातातली ताटं ठेवून भिंतीला टेकून उभे राहिले, टेबलांवरचं बोलणं थांबलं. साथीला बारा तारांची पोर्तुगीज गिटार आणि एक साधी गिटार, माइक नाही. गाणारी बाई साठीची असेल. काळी शाल, डोळे मिटलेले, मान किंचित मागे. शब्द आम्हाला कळत नव्हते. स्वर शेवटाला ताणून धरून ती एकदम सोडून द्यायची, तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. युनेस्कोने 2011 मध्ये फादोला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, पण त्या खोलीत ते रोजचं, घरचं गाणं होतं. मधल्या विश्रांतीत आमची मडगावकरीण म्हणाली, “आई मांडो म्हणते ना, आमची कोंकणी गाणी, तेव्हा अशीच मान मागे टाकते.” मग ती आईबद्दल बोलत राहिली. मडगावचं घर, लग्नातले मांडो, वडील गेल्यावर आईने गाणं बंद केलं होतं ती वर्षं. इतक्या वर्षांच्या मैत्रीत यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. मंडळात भेटलो की मुलांच्या परीक्षा आणि कार्यक्रमाची कामं, यापुढे बोलणं सरकतच नाही.

रविवारी दुपारी बेलेंला जेरोनिमोस मठ. चर्चमध्ये शिरताच वास्को द गामाची दगडी समाधी. मी वसईची, चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकलेल्या किल्ल्यात शाळेच्या सहली काढत वाढलेली. माझ्या मनात बरंच काही येत होतं. मडगावकरीण मात्र क्षणभर थांबून म्हणाली, “मला याच्याशी काही बोलायचं नाही,” आणि सरळ बाहेर पडली. तिला तसं म्हणायचा पूर्ण हक्क आहे असं मला वाटलं, आणि मीही निघाले.

1837 पासून चालू असलेल्या दुकानातून आम्ही गरम पास्तेल, म्हणजे कस्टर्डचे टार्ट, घेतले, वर दालचिनी भुरभुरली आणि बागेत बसून मडगावला तिच्या आईला व्हिडिओ कॉल लावला. आंटींना मठाची चौकशी नव्हतीच. बाई कशी गायली? फादो गायिका अमालिया रॉद्रिगशचं काही म्हणाली का? तारल्या केवढ्या होत्या? शाल कसली होती, झालर होती का? शेवटी म्हणाल्या, तसली शाल मिळाली तर मला आणा, आणि पुढच्या खेपेला मलाच घेऊन चला.

विमान रात्रीचं होतं. 15 नंबरची ट्राम पकडून आम्ही चौघी झालरीची काळी शाल शोधायला बायशाच्या बाजारात निघालो.