चोक आत ढकलण्याची वेळ

चोक ओढायला अक्कल लागत नाही. थंडीत गाडी उचलेना की हात आपोआप त्या बोंडाकडे जातो. परीक्षा असते ती तो आत ढकलण्याची. लवकर ढकला, इंजिन कार्बोरेटरमधून एक शिंक देऊन गप्प. उशीर करा, प्लग काजळून काळे, सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास आणि पुढच्या सेल्फला गाडी ओव्हर. या दोन्हींच्या मधली जागा काही सेकंदांचीच असते, आणि ती पकडण्याच्या नादात माझं बरंचसं आयुष्य गेलं. आता कार्बोरेटरच्या गाड्या शोधाव्या लागतात, आणि कानाच्या डॉक्टरांनी सांगितलंय की वरच्या पट्टीतले आवाज मला येतच नाहीत. म्हणजे विषय दोन्ही अंगांनी संपला. तरी डोक्यातून जात नाही.

आमचा निफाड तालुका. महाराष्ट्रात थंडीची बातमी छापायची तर निफाडचा पारा छापावा लागतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजलेला. एखाद्या डिसेंबर-जानेवारीत तो दोन-तीन अंशांवर येतो. द्राक्षवाले रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून मणी वाचवतात आणि पहाटे त्यांच्याच गाड्या सुरू होत नाहीत. लडाखच्या ड्रायव्हरला ही थंडी चेष्टा वाटेल. तिथे साधं डिझेल टाकीतच थिजतं, हिवाळ्यात खोबरेलाच्या बाटलीचं होतं तसं. टाकीखाली बोळे पेटवून ट्रक चालू करण्याचे दिवस तिथल्या लोकांनी काढलेत. 2019 मध्ये इंडियन ऑइलने उणे 33 अंशांपर्यंत न थिजणारं डिझेल तिथे नेलं. आमच्याकडे इतकं काही होत नाही. फक्त ऑइल घट्ट होतं, त्यामुळे सेल्फला जोर जास्त लागतो, आणि नेमका तेव्हाच बॅटरीचा जोर कमी झालेला असतो. एवढं दुखणं आमच्या धंद्याला पुरतं.

चोकचं कारण मिस्त्री लोकांना सांगायला नको. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, बरंचसं मॅनिफोल्डच्या भिंतीलाच चिकटून बसतं आणि सिलिंडरपर्यंत जातो तो माल अगदी पातळ. एक किलो पेट्रोलला पंधरा किलोच्या आत-बाहेर हवा, हे प्रमाण गरम इंजिनाचं. गार इंजिनाला ते चालत नाही. म्हणून पाकळी लावून हवेची वाट अडवायची, म्हणजे पेट्रोल जास्त खेचलं जातं. इथवर सगळे एका मताचे. पण पेट्रोल जास्त झालं तर ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली चेंबरमध्ये उतरतं, आणि इंजिन झिजतं ते याच वेळी.

मारुती 800 घ्या, नाहीतर ओम्नी. तीन सिलिंडरचं, 796 सीसीचं इंजिन. चोक पूर्ण ओढून सेल्फ मारला की ते धरतं. ऑइल जरा सैल झालं की चाल आपसूक चढते. आणखी थांबलात तर चाल जड होते, मधेच एखादा ठोका हुकतो, गाडी लंगडायला लागते. चाल चढल्यानंतर आणि लंगडण्याआधी कुठेतरी बोंड निम्मं आत जायला हवं. कुठे? बहुतेक मिस्त्री लंगडण्याची वाट बघतात. ते सोपं असतं, पण लंगडली म्हणजे उशीर झालाच. मी चालीवर विसंबायचो नाही. एअर फिल्टरचं झाकण काढलेलं असलं की पाकळीच्या फटीतून आत ओढल्या जाणाऱ्या हवेची एक बारीक शीळ येते. आधी ती सरळ असते. मग तिला कंप सुटतो. इंजिन अजून बाहेरून गुळगुळीत चाललेलं असतं, पण शिळेला कंप आलेला असतो. तीच वेळ.

ती शीळ गेली. इंजिनं होती तशीच आहेत, माझ्या कानातून ती गेली. ग्राइंडर, हातोडा आणि उघडे सायलेन्सर यांच्यात उमर काढली की बारीक आवाज आधी जातात, असं डॉक्टर म्हणाले. टॅपेटची टकटक अजून येते, बेअरिंगची घरघर येते. नेमकी ती शीळ तेवढी येत नाही.

आता मोठेपणाचं सांगतो. ही शीळ मी कुणाला सांगितली नव्हती. पहाटे कुणाच्या बागेवरून बोलावणं आलं की मी बॉनेट उघडायचो, झाकण काढायचो, कान टेकवल्यासारखा वाकायचो आणि मालकाला म्हणायचो, "शेठ, जरा गप उभे राहा." सगळे गप उभे राहायचे. खरं तर त्यांच्या बोलण्याने माझं काही अडत नव्हतं. मला ती शांतता आवडायची. मग बोंड आत सरकवायचो, गाडी लोण्यासारखी चालायची, आणि शेठ बायकोला सांगायचे की मिस्त्रीला गाडी कानात बोलते. या एका वाक्यावर मी कित्येकदा चहावर समाधान मानून पैसे सोडले आहेत.

हाताखालच्या पोराने हे सगळं मोडून टाकलं. त्याच्याकडे स्कॅनर आहे. नव्या गाडीला पहाटे जोडून त्याने मला दाखवलं. पाण्याच्या सेन्सरचा रोध थंडीत वाढतो, त्यावरून कॉम्प्युटर इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो आणि पाणी तापेल तसं पेट्रोल कमी करत आणतो. म्हणजे बोंड ओढणंही तोच करतो आणि ढकलणंही तोच. मी म्हटलं, ठीक आहे, त्याला ऑक्सिजन सेन्सर आहे, धूर बघून त्याला कळतं. पोरगा हसला. "उस्ताद, तो सेन्सर तीनशे अंशांच्या आसपास तापल्याशिवाय बोलतच नाही. सुरुवातीला कॉम्प्युटर त्याचं ऐकत नाही. आत एक तक्ता भरलेला असतो, त्यावर चालतो." स्क्रीनवर 'ओपन लूप' असं लिहून आलं होतं.

त्या क्षणी मला जो आनंद झाला तो वयाला शोभणारा नव्हता. गार गाडीच्या पहिल्या मिनिटाला तो कॉम्प्युटरही बहिरा! कुणीतरी थंड खोलीत शेकडो वेळा गाडी चालू करून बनवलेल्या तक्त्यावर तो अंदाज बांधतो. मी पोराला चार-पाच वेळा ते परत दाखवायला लावलं. शेवटी वैतागून त्याने विचारलं, "मग उस्ताद, तुमचा तक्ता कुठं लिहिलाय?" त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

गरम करण्याबद्दल मात्र मी पोरापेक्षा हट्टी आहे. पिकअपवाले गाडी चालू करून टपरीवर जातात, चहा, पेपर, राजकारण, आणि परत येऊन म्हणतात गरम झाली. डिझेल इंजिन उभ्या उभ्या फारसं तापतच नाही. नुसत्या स्लोवर ते हवा भरपूर ओढतं आणि डिझेल थेंबभर जाळतं. दुसरे त्याच्या उलट, चालू होताच दणादण रेस. टर्बोच्या बेअरिंगला अजून ऑइल नीट पोचलेलंही नसतं. अर्धा मिनिट द्या, मग गाडी हलवा, आणि पहिले दोन-तीन किलोमीटर पायात संयम ठेवा. गिअरबॉक्स आणि चाकाचे बेअरिंगही गारच असतात, ते उभ्या गाडीत कधी तापणार? काट्यावर तर जाऊच नका. काटा पाण्याचा आहे. पाणी आधी तापतं, ऑइल मागून रांगत येतं. काटा मधोमध आला म्हणून एक्सलेटर दाबणारा माणूस ऑइलच्या जिवावर उठलेला असतो.

आणि थर्मोस्टॅट. यावर मी लग्नातही भांडलो आहे. इंजिन तापतंय म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकणारे मिस्त्री आमच्या हायवेवर ढिगाने आहेत. ऐंशी-पंच्याऐंशी अंशांपर्यंत पाणी इंजिनातच फिरवत ठेवायचं, एवढंच त्या बिचाऱ्याचं काम. तो काढला की पाणी पहिल्यापासून रेडिएटरमध्ये, आणि थंडीत इंजिन दिवसभर अर्धवट गारच. अॅव्हरेज पडतं, ऑइलमध्ये पाणी साचून चिखल होतो. गिऱ्हाईक मात्र खूश, कारण काटा वर चढत नाही. मोठ्या सर्व्हिस स्टेशनांचंही मला फार कौतुक नाही, पण निदान ते थर्मोस्टॅट काढत नाहीत. त्यांची खोड वेगळी. थंडीत सेल्फ जड झाला की न तपासता नवी बॅटरी. तार घासून बघायला कुणाला वेळ आहे?

माझ्या कानासाठी यंत्र आणलंय. ते लावलं की शीळ येते, पण सोबत टपरीवरचा रेडिओ, हायवेचे ट्रक आणि पोराचं फोनवरचं बोलणंही तितक्याच जोरात येतं. म्हणून ते बहुतेक वेळा खिशात असतं. खरं कारण दुसरं आहे. जुन्या फियाट-मारुती जपणारे दोन-चार शौकीन अजून हिवाळ्यात येतात ते माझ्या कानासाठी, आणि त्यांच्यासमोर कानात यंत्र घालून वाकायला मला लाज वाटते. मग मी हात वापरतो. फिल्टरच्या घरावर तळवा ठेवला की तोच कंप जरा उशिराने हाताला लागतो. थोडी चुकामूक होते. शीळ जितकी आधी सांगायची तितकं हात सांगत नाही. पण लंगडण्याआधी सांगतो.

परवा पोरगा एका शौकिनाला सांगत होता, "आमचे उस्ताद नुसता हात ठेवून चोक सांगतात." मी पान्यांच्या खोक्यात काहीतरी शोधत असल्यासारखं केलं आणि त्याला अडवलं नाही. कानाचं नाव गेलं तर गेलं, हाताचं होत असेल तर मी कशाला मोडू?