वॉकर आणि सहा बदकं

इथं कुंदा-मांडे, मंगाईची जत्रा, जुन्या टॉकीजा यांवर पुष्कळ लिहून झालंय आणि मी ते आवडीनं वाचतो. माझ्याकडं तसलं काही नाही. बी.कॉम. झालो, ३४ वर्षं बँकेत आकडे केले आणि रिटायर झालो. त्यामुळं मी बदकांवर लिहितोय म्हटल्यावर घरच्यांनाही हसू येतंय. खरं, २०२२ चा पावसाळा आमच्या घरात बदकांचाच गेला, तो एकदा लिहून ठेवावा म्हणतो. (आमच्या बेळगावात ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात, हे बाहेरगावच्या सभासदांसाठी.)

आमचं घर वडगावात. पुढं रस्ता, मागं परसू, परसात विहीर आणि सौ.ची भाजी. पावसाळा सुरू झाला की गोगलगायी निघतात आणि दोन रात्रीत कोवळी रोपं फस्त करतात. मीठ टाकून माती खराब होते म्हणून सौ.नं ते बंद केलं. मग कुणीतरी तिला सांगितलं, बदकं पाळा, गोगलगायी शिल्लक ठेवत नाहीत. जूनच्या मध्यावर दारावर एक माणूस बुट्टीत पिल्लं घेऊन आला. हिनं मला न विचारता सहा घेतली. तीन आठवड्यांची असतील, निम्मी लव निम्मी पिसं, रंग मातकट. मी म्हटलं, “अगं, ह्यांचं करणार कोण?” ती म्हणाली, “तुम्हाला कोण सांगतंय? तुम्ही पेपर वाचा.”

चौथ्या दिवशी ती न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, नऊ दिवस हॉस्पिटल. मुलगी पुण्याहून आली, ती रात्रंदिवस आईजवळ. मुलगा बेंगळूरहून येऊन-जाऊन. मी सकाळ-संध्याकाळ डबा नेऊन द्यायचा आणि उरलेल्या वेळात घरात मी आणि सहा बदकं.

मला जनावरांची सवय नाही. लहानपणी घरात म्हैस होती, खरं ते सगळं आई बघायची. मी पाणी घेऊन परसात पाऊल टाकलं की सहाच्या सहा पिल्लं एकमेकांवर चढत खुराड्याच्या कोपऱ्यात. पाण्याचं घमेलं उलटायचं, खाद्य चिखलात. संध्याकाळी त्यांना आत कोंडायचं म्हणजे माझी परेड. मी इकडून गेलो की ती तिकडं. मी हाश-हुश करत, टाळ्या वाजवत धावायचो. कामाला येणारी अक्का दारात उभी राहून म्हणायची, “साहेब, तुम्ही पळालात म्हणून ती पळालीत की वो.” मी तिच्यावरच चिडायचो.

सहाव्या-सातव्या दिवशी पाऊस कोसळत होता, हॉस्पिटलला जायला उशीर झालेला. पाच आत गेली, एक राहिली. मी झडप घालून तिचा पाय धरला आणि तसंच उचललं. तिनं फडफड केली, हाताला काहीतरी सरकल्यासारखं लागलं. सोडल्यावर ती पाय ओढत आत गेली.

रात्री झोप आली नाही. सकाळी आमच्या गल्लीतले डॉक्टर, पशुसंगोपन खात्यातून रिटायर झालेले, त्यांना बोलावून आणलं. त्यांनी पिल्लाला पोटाखालून हात घालून, पंख अंगाशी मिटवून उचललं. ते जरा वेळानं गप्पही बसलं. म्हणाले, “मोडलेलं नाही, सांधा दुखावलाय. बदकाला पायाला धरून कधी उचलायचं नसतं वो, कोंबडीसारखे पाय नसतात त्यांचे, फार नाजूक.” मग खाद्य बघितलं. कोंबडीच्या पिल्लांचं होतं. म्हणाले, बदकाच्या पिल्लांना नायसिन जास्त लागतं, नाहीतर पाय वाकडे होतात. ह्यात यीस्टची पूड मिसळा. पाणी उथळ ताटलीत नको, चोचीवरच्या नाकपुड्या बुडतील इतकं खोल पाहिजे, ती डोळे-नाक त्यात धुतात.

मी विचारलं, माणसाळतील का? ते हसले. ऑस्ट्रियाच्या कोनराड लोरेन्झचं सांगितलं. अंड्यातून बाहेर आलेली हंसाची पिल्लं पहिल्यांदा जो हलताना दिसेल त्यालाच आई समजून मागं लागतात, हे त्यांनी स्वतःमागं पिल्लांची रांग लावून दाखवलं. १९७३ साली नोबेल मिळालं त्यांना. “खरं ते पहिल्या एक-दोन दिवसात. तुमची तीन आठवड्यांनी आलीत. खातं उघडायची तारीख गेली साहेब. आता रोज थोडं थोडं भरायचं.”

त्यांनी सांगितलं ते ऐकायला सोपं होतं आणि करायला माझ्यासारख्याला फार अवघड. जाऊन बसायचं. काही करायचं नाही. खुर्चीवर नको, पाटावर, कारण उंच माणूस म्हणजे त्यांना संकट. वरून हात आला की घार आली, एवढंच त्यांना कळतं. त्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, जवळजवळ सगळीकडचं दिसतं, म्हणून मागून चोरपावलांनी जाण्यात अर्थ नाही. उलट बोलत बोलत, दिसत दिसत जायचं. नजर रोखायची नाही. वेळ तीच, भांडं तेच, आवाज तोच. कोंडायच्या वेळी दोन्ही हातात दोन काठ्या आडव्या धरून सावकाश चालायचं, बदकं कळपानं पुढं जातात. काठ्यांची युक्ती पहिल्याच संध्याकाळी लागू पडली आणि मला आठवडाभराच्या धावण्याची लाज वाटली.

बसण्याचं मात्र जमेना. पाटावर मांडी घालून पाच मिनिटं झाली की माझा हात खिशातल्या फोनकडं. हललो की ती पळाली. काय बोलायचं हेही सुचेना. शेवटी मी पावकी-निमकी म्हणायला लागलो. पाढ्यांना बदकांनी हरकत घेतली नाही. पाचव्या दिवशी माझ्यापासून दोन हातांवर ठेवलेले सोललेले मटार दोघींनी उचलले. कोपऱ्यातल्या लंगडीनं नाही.

जुलैच्या सुरुवातीला सौ. घरी आली. सोबत वॉकर, चार पायांचा, खाली रबरी बूच. डॉक्टरांनी निक्षून सांगितलेलं, रोज तीनदा चालवायचं, नाहीतर पुढं अवघड. पहिल्याच सकाळी ती म्हणाली, “माझी बदकं बघायचीत.” स्वयंपाकघराच्या दारापासून विहिरीपर्यंत शहाबादी फरशीची वाट आहे. मी मागं, मुलगी बाजूला, ही वॉकर टेकत टेकत. टक्. टक्. तिसऱ्या टक्‌ला बदकांनी जो गोंधळ घातला! एक जाळीवर आपटलं. माझ्या इतक्या दिवसांच्या पाढ्यांचं पाणी झालं.

ती तिथंच थांबली. “मला भितालीत,” म्हणाली आणि वळली. दुपारी वॉकर हातात घेईना. संध्याकाळीही नाही. “नको, कंटाळा आलाय.” दुसऱ्या दिवशी तेच. मुलगी रागावली, मुलगा फोनवरून रागावला. मी रागावलो नाही, कारण मला त्यात भलतंच काही दिसत होतं आणि भीती वाटत होती. माझी आई अशीच एकदा खाटेवर बसली ती परत उठली नाही.

चौथ्या दिवशी तिला खुर्चीतच उचलून आम्ही मागच्या पडवीत ठेवलं. ती नुसती बसली. तिला उठता येत नव्हतं, वाकता येत नव्हतं, हात पटकन पुढं करता येत नव्हता. अर्ध्या तासानं बदकं तिच्या पायाशी चिखल चाळत होती. माझं पाटावर बसणं ते बसणं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

त्याच वेळी तिनं लंगडी बघितली. “हिच्या पायाला काय झालं वो?”

मी म्हटलं, “तशीच आली असेल.”

३४ वर्षांत एक नोंद खोटी केली नाही आणि हे तोंडातून गेलं. ती काही बोलली नाही.

वॉकरची युक्ती अक्काची. म्हणाली, “साहेब, ते लोखंड त्यांच्यात नेऊन ठेवा की. बघून बघून सवय होईल.” तसं केलं. सौ. खुर्चीत असताना वॉकर खुराड्यासमोर उभा. पहिला दिवस कुणी जवळ गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या खालच्या दांडीला कोथिंबिरीच्या जुड्या बांधल्या. दुपारपर्यंत जुड्यांच्या नुसत्या काड्या. मग रोज, खाद्य घालताना, मी वॉकर उचलून जागच्या जागी टेकवायचो. टक्. लांबून, मग जवळून. मुलीनं व्हिडिओ काढून भावाला पाठवला: बाबा बदकांसमोर वॉकर आपटतात आणि तेराचा पाढा म्हणतात.

साधारण दहाव्या दिवशी टक् झाल्यावर ती पळण्याऐवजी वळून बघायला लागली. त्या संध्याकाळी सौ. म्हणाली, “आणा इकडं ते.” फरशीवर सात पावलं गेली. दांडीला कोथिंबीर बांधलेली, समोर पाच बदकं, अडखळायला होईल इतकी जवळ. “सरका की गं,” असं ती त्यांना म्हणत होती. मी मागं दोन्ही हात पसरून, तिला न शिवता.

ऑगस्ट संपता संपता ती दिवसातून तीनदा विहिरीपर्यंत जात होती. आवाज फुटल्यावर कळलं, चार माद्या आणि दोन नर. माद्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतात, नर घसा बसल्यासारखे घोगरे, शेपटीवर एक वळलेलं पीस. दिवाळीआधी तिनं वॉकर सोडून काठी घेतली. बदकांना काठीचं काही वाटलं नाही, माझ्यामुळं सवय होतीच. गोगलगायींचं विचाराल तर त्या गेल्या, खरं कोथिंबिरीचा वाफाही गेला.

नोव्हेंबरच्या शेवटी पहिलं अंडं सापडलं. त्या रात्री जेवताना मी तिला लंगडीच्या पायाचं सगळं सांगितलं, पाऊस, उशीर, झडप, सगळं. ती म्हणाली, “ठाऊक आहे. अक्कानं मी आले त्याच दिवशी सांगितलं.” आणि ताटात भात वाढला.

लंगडी आता सौ.च्या हातातून मटार खाते. माझ्या हाताला ती अजून येत नाही. मी रोज सकाळी तिच्यासाठी दोन-चार मटार पाटाच्या कडेला ठेवतो आणि घरात येतो. खिडकीतून बघितलं तर तेव्हा खाते.