मुंगीचे पंख

मुक्ताबाईंचा मुंगीचा अभंग मी गेली 18 वर्षे पदवीच्या वर्गाला शिकवीत आलो. मुंगीचे उडणे आणि तिने सूर्याला गिळणे, दोन्ही सारखेच असंभव. म्हणून हे कूट, असे माझे ठरलेले विवेचन. काही वर्षांपूर्वी मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, "सर, मुंग्या खरंच उडतात. आमच्या गावी पहिल्या पावसात दिव्यावर येतात." "ती वाळवी," मी म्हणालो. वर्ग हसला. ती खाली बसली आणि वर्षभर पुन्हा काही बोलली नाही.

गेल्या जूनमध्ये आंबोलीला मुक्कामी होतो. संध्याकाळी पाऊस थांबला आणि व्हरांड्यातल्या दिव्याखाली पंखांचा खच पडला. पोथ्या वाचण्यासाठी घेतलेले भिंग सोबत होते. दोन कीटक कागदावर घेतले. एकाच्या स्पर्शिका सरळ, मण्यांच्या माळेसारख्या, कंबर जाड, चारही पंख सारख्या लांबीचे. ही वाळवी. दुसऱ्याच्या स्पर्शिका कोपरात वाकलेल्या, कंबर अगदी बारीक, पुढचे पंख मागच्यांहून लांब. ही निःसंशय मुंगी. कुळाने वाळवी झुरळांच्या जवळची, तर मुंगी गांधीलमाशीच्या. आपण उगाच दोघींना बहिणी मानतो.

कमरेवर गाठ एकच होती. त्यापुढे नेमकी जात ठरवायची तर कामकरी मुंगी हाती लागते, कारण बहुतेक ओळखसारण्या तिच्यावरच बेतलेल्या असतात. माझी ओळख तिथेच थांबली. पण मला तेवढी पुरेशी होती. पंख असतात ते राणीला आणि नराला. मीलनानंतर नर मरतो. राणी जमिनीवर उतरते, स्वतःचे पंख गाळते आणि मातीत शिरून नवे वारूळ मांडते.

म्हणजे अभंगातले उड्डाण हे कूट नव्हे, ते पाहिलेले सत्य असू शकते. कूट सुरू होते ते सूर्यापाशी. पाहिलेल्यावर पाय रोवून न पाहिलेल्याकडे घेतलेली ही झेप मी इतकी वर्षे अर्धीच शिकवली.

त्या मुलीचे नावही आज मला आठवत नाही. यंदा अभंगापाशी आलो तेव्हा विवेचनाआधी विचारले, "उडणारी मुंगी कोणी पाहिली आहे?" सात-आठ हात वर झाले. बहुतेक मागच्या बाकांवरचे.