काळे की काले?

लग्नपत्रिकेचं प्रूफ रायपूरहून संध्याकाळी आलं. घरातल्या सगळ्यांनी ते आळीपाळीनं पाहिलं. तारीख बरोबर, मुहूर्त बरोबर, गणपतीचं चित्रही ठसठशीत. शेवटी आजींनी चष्मा पुसला, कागद दिव्याखाली धरला आणि एकाच शब्दावर बोट ठेवलं. खाली छापलं होतं, 'काले परिवार'.

"हे कोण?"

"आपणच की, आई," मुलगा म्हणाला. "इथं सगळे असंच लिहितात."

"इथं लिहितात रे. पण ही पत्रिका नागपूरला जायची, अकोल्याला जायची. तिथं काय म्हणतील? काळ्यांची नात कुठं गेली?"

अभनपुर हे रायपूर-धमतरी रस्त्यावरचं, रायपूरपासून तीसएक किलोमीटरवरचं गाव. एके काळी इथं नॅरोगेज रेल्वेचं जंक्शन होतं. एक फाटा धमतरीला जाई, दुसरा राजिमला. आजी लग्न होऊन आल्या त्या याच छोट्या गाडीनं. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता, छत्तीसगड राज्य व्हायला २००० साल उजाडायचं होतं. ती गाडी बंद झाली, रूळ उखडले गेले आणि मार्च २०२५ मध्ये रायपूरहून मोठी गाडी सुरू झाली. आजींच्या डोळ्यांदेखत गाव एवढं बदललं, त्याची त्यांना तक्रार नाही. पण आडनावातला ळ नेमका कधी गळून पडला, हे मात्र त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

तो मुलाच्या पहिलीच्या हजेरीपटावर गळला. गुरुजींनी ऐकलं तसं लिहिलं. हजेरीपटावरून दाखल्यावर, दाखल्यावरून गुणपत्रिकेवर, तिथून नोकरीच्या कागदांवर, रेशनकार्डावर, बँकेच्या पासबुकावर. कुणाचीच चूक म्हणता येणार नाही. हिंदीच्या रोजच्या लिहिण्याबोलण्यात ळ नाही. कानावर पडला तर तो ल वाटतो, नाहीतर ड़. पलीकडच्या ओडियात ळ आहे, इकडे मराठीत आहे, मधल्या छत्तीसगडात मात्र त्याला बसायला जागा नाही.

इंग्रजीत तर हा प्रश्नच उठत नाही. काळे काय आणि काले काय, दोन्हींचं स्पेलिंग एकच. त्यामुळे मुलाच्या पासपोर्टला कधी अडचण आली नाही. भांडण लागतं ते देवनागरीत, जिथं लिहावं तसं वाचता येतं असं आपण अभिमानानं सांगतो! (हेच इंग्रजी स्पेलिंग घेऊन परदेशी गेलेल्या काळ्यांना तिथले लोक 'केल' म्हणतात. ती एक पालेभाजी आहे.)

"अहो आई, मोठमोठ्यांची नावं बदलली, तिथं आपलं काय?" मुलानं बाजू मांडली. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. लोकमान्य टिळक हिंदीत तिलक झाले. हिंदी वाचकाला ते नाव वाचून कपाळावरचा टिळा आठवत असेल, तर त्याचा काय दोष? दादासाहेब फाळके फाल्के झाले, इंदूरचे होळकर होलकर झाले. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं तर सिंधिया झालं आणि पुढं त्यांनी स्वतःच ते नाव चालवलं. सचिन तेंडुलकरचा ड हिंदी वर्तमानपत्रांनी कधीच द करून टाकला. आणि ज्या भोसल्यांनी १७४१ पासून पुढं छत्तीसगडावर अंमल बसवला, ज्यांच्यातले बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ पर्यंत रतनपूरहून कारभार पाहत होते, त्यांच्या डोक्यावर इथल्या पुस्तकांनी एक अनुस्वार चढवला. ते भोंसले झाले.

याच मातीत माधवराव सप्रे होऊन गेले. मराठी घरातला माणूस, पण १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' काढून हिंदी पत्रकारितेत नाव केलं. टिळकांचं 'गीतारहस्य' त्यांनीच हिंदीत आणलं. सप्रे या आडनावात ळ नाही, ण नाही, म्हणून ते जसंच्या तसं राहिलं. नशीब एकेका आडनावाचं!

नवरीमुलगी इतका वेळ मोबाईल हातात घेऊन ऐकत होती. ती म्हणाली, "पण बाबा, आंबेडकरांचं उलट झालं ना." उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षं 'अंबेडकर' लिहिलं जात होतं. तिथं राज्यपाल असलेल्या राम नाईकांनी पाठपुरावा केला. घटनेच्या हिंदी प्रतीवर बाबासाहेबांची सही आहे तसंच नाव लिहावं, एवढंच त्यांचं म्हणणं. २०१८ साली सरकारनं आदेश काढला आणि कागदोपत्री 'भीमराव रामजी आंबेडकर' आलं. त्यावर राजकीय वाद झाला तो झाला, पण अ वर काना चढला. ज्याचं नाव, त्याची सही प्रमाण.

सूनबाईंचं माहेर अमरावतीचं, माहेरचं आडनाव जाधव. त्यांना वाटलं होतं की आपल्या आडनावात अडचण नाही. पण इथं सगळे त्याचा उच्चार 'जल'मधल्या ज-नं करतात. मराठीत तो ज 'जाड'मधला, दातांजवळचा. तीच गत चव्हाणांची. च 'चहा'तला म्हणावा तर तो मराठी राहत नाही आणि हिंदी शेजारी तर सरळ 'चौहान'च करून टाकतात. चितळे, चिटणीस यांची सुटका होते, कारण इ-कारापुढं च बहुधा मऊच राहतो. गंमत अशी की हा फरक मराठी लिपीही दाखवत नाही. मराठी माणूस तो वाचत नाही, लहानपणी ऐकलेला असतो म्हणून म्हणतो. सूनबाईंचा धाकटा मुलगा हिंदी शाळेत वाचायला शिकला. परवा तो मामाच्या पत्रावरचं नाव मोठ्यानं वाचत होता, तेव्हा स्वतःच्या आजोळचं आडनाव त्यानं शेजाऱ्यांसारखंच वाचलं. सूनबाई त्या वेळी काही बोलल्या नाहीत. रात्री भांडी आवरताना मात्र त्यांना राहून राहून ते आठवत होतं.

"म्हणजे आम्हीच शिकवलं नाही," आजी म्हणाल्या. "लोकांनी काय करावं?"

नात हसली. "आजी, तू तरी 'छत्तीसगढ़' कुठं नीट म्हणतेस? गड, गड करतेस. आणि नागपूरच्या मावशीला पत्र लिहिताना अभनपुरच्या पु-ला दीर्घ करतेस. स्टेशनच्या पाटीवर ऱ्हस्व आहे."

आजी क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आमच्या शाळेत पूर दीर्घच शिकवलं." पण त्यांनाही हसू आलं. पन्नास वर्षं ज्या गावाचं मीठ खाल्लं, त्याच्या नावाचा ढ़ त्यांच्या जिभेला अजून वळला नव्हता.

मुलाची खरी काळजी वेगळी होती. सगळे कागद 'काले' आणि पत्रिका 'काळे', उद्या विवाहनोंदणीत कुणी बोट ठेवलं तर? सूनबाईंनी ती गाठ सोडवली. नोंदणीच्या अर्जावर नाव कागदांप्रमाणेच लिहायचं, सगळीकडे एकच. त्यात हौस करायची नाही. बदलायचंच असेल तर रीतसर राजपत्रातून, सवडीनं. पण पत्रिका हा काही सरकारी कागद नव्हे. ते आपल्या माणसांना आपण केलेलं बोलावणं आहे, त्यावर आपलं नाव आपण म्हणतो तसं हवं. मराठी पत्रिकेत आणि हिंदीतही.

हिंदीतही? व्याही धमतरीचे, त्यांच्याकडचे लोक काय वाचतील?

"विचारतील," नवरीमुलगी म्हणाली. "विचारलं की सांगू."

दुसऱ्या दिवशी छापखान्यात फोन झाला. "ल नहीं भैया, ळ." "कौन सा ल?" असा संवाद बराच वेळ चालला. शेवटी आजींनी वहीच्या पानावर ठळक ळ काढून दिला, नातीनं त्याचा फोटो पाठवला. अक्षर संगणकात होतंच, कधी लागलं नव्हतं एवढंच. संध्याकाळी दुसरं प्रूफ आलं. ळ अगदी सुबक उमटला होता, पण मात्रा राहून गेली होती. लग्नपत्रिकेच्या तळाशी लिहिलं होतं, 'काळ परिवार'.

घरात हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. आजींनी तेवढ्यात देवाजवळ साखर ठेवली, उगीच विषाची परीक्षा कशाला!

तिसरं प्रूफ बरोबर आलं. आजींनी धाकट्या नातवाला जवळ बसवलं. जीभ आधी ड म्हणताना जाते तिथं वर वळवायची आणि तिथूनच ल म्हणायचा, असं त्यांनी करून दाखवलं. काल, काळ. गोल, गोळा. कमल, कमळ. पोरगा पहिल्यांदा 'काले' म्हणाला, मग 'काड़े', मग पुन्हा 'काले'.

"हळू म्हण," आजी म्हणाल्या. "लग्नाला अजून तीन आठवडे आहेत."