जग चालू आहे का?

सर्व्हर बंद पडल्याची खबर मला खेळणाऱ्या पोरांकडून कळता कामा नये, हा माझा पहिला नियम. "दादा, सर्व्हर मेला का?" असा मेसेज येतो, तेव्हा त्या पोराची संध्याकाळ वाया गेलेलीच असते. आमच्या शहरातल्या औरंगपुरा, गुलमंडी, पैठण गेट भागातली ही मुलं क्लास आटोपून रात्री नऊच्या सुमारास माइनक्राफ्टवर जमतात. सरस्वती भुवनच्या परीक्षा संपल्या की भर दुपारीही गर्दी होते. त्यांच्या सर्व्हरवर लक्ष ठेवण्याचं काम मी करतो आणि ते मला मनापासून आवडतं.

बहुतेक जण पिंगपासून सुरुवात करतात. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला तो छोटासा प्रोग्राम आजही कामाचा आहे, पण तो सांगतो मशीनबद्दल, खेळाबद्दल नाही. दाराची बेल वाजली म्हणून घरात कुणी जागं असेलच असं नाही. मग पोर्ट तपासायचा. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा २५५६५ पोर्ट टीसीपीवर असल्याने उघडा की बंद ते लगेच कळतं. काउंटर-स्ट्राइकसारख्या दुसऱ्या खेळाचा २७०१५ मात्र यूडीपीवर. तिथे जोडणी अशी नसतेच, म्हणून खेळाच्याच भाषेत विचारपूस करावी लागते. मॅपचं नाव आणि आतल्या खेळाडूंचा आकडा परत आला की समजायचं, सर्व्हर जागेवर आहे.

खरी मेख माइनक्राफ्टमध्ये. तिथलं जग सेकंदाला २० टिकने पुढे सरकतं, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद. कुणीतरी हौसेने बांधलेल्या अवाढव्य रेडस्टोन यंत्रामुळे, म्हणजे खेळातल्या सर्किटमुळे, जग चालवणारा मुख्य थ्रेड अडकला, तरी यादीत सर्व्हर चालू दिसू शकतो, कारण यादीला उत्तर देण्याचं काम नेटवर्कचे वेगळे थ्रेड करतात. आत मात्र सगळे थिजलेले. सर्व्हरचा स्वतःचा वॉचडॉग आहे, पण मूळ सेटिंगमध्ये एक टिक ६० सेकंद रखडेपर्यंत तो हलत नाही. आणि टिक नुसती मंदावली तर तो काहीच करत नाही. म्हणून मी आरकॉनवरून, म्हणजे सर्व्हरला दुरून कमांड देण्याच्या सोयीवरून, 'लिस्ट' ही साधी कमांड देतो. ती मुख्य थ्रेडवरच पार पडते, त्यामुळे तिचं उत्तर किती वेळात आलं यावरून जग कसं चाललंय ते कळतं. आरकॉनचा पासवर्ड उघड्या मजकुरात जातो. तो पोर्ट इंटरनेटवर मोकळा सोडायचा नाही, हे नव्या मुलांना मी बजावून सांगतो. छोटी स्क्रिप्ट सर्व्हरवरच राहते, दर मिनिटाला कमांड देते, आणि वेळेत उत्तर मिळालं तरच बाहेरच्या अपटाइम कुमा या देखरेखीच्या प्रोग्रामला हाक देते. हाक आली नाही की कुमा मला टेलिग्रामवर कळवतो. म्हणजे सर्व्हर पुरता बंद पडून काही बोलूच शकला नाही, तरी अलर्ट येतोच.

कुठून बघायचं, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आमचा सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आहे, पण पोरं आहेत औरंगपुऱ्यात. म्हणून एक कुमा दुसऱ्याच डेटा सेंटरमधल्या मशीनवर आणि दुसरा माझ्या घरी, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर, पोरांकडे असते तशाच फायबरच्या लाइनवर. गल्लीतली लाइट गेली तर इन्व्हर्टरवर रास्पबेरी पाय चालू राहतो, पण बाहेरच्या खांबावरचा डबा बंद पडला की त्याला सगळंच डाउन वाटतं. दोघांनीही लागोपाठ दोनदा डाउन म्हटलं, तरच मला रात्री उठवायचं. फक्त घरच्याने म्हटलं तर मोबाइल डेटावरून पोरांच्या ग्रुपवर एक ओळ टाकतो: आपल्या भागातली लाइन गेली आहे, सर्व्हर ठीक आहे. त्या एका ओळीने पोरांची राउटर बंद-चालू करण्याची धडपड वाचते.

९९.९ टक्के अपटाइम म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटं १२ सेकंद बंद. ही मिनिटं पहाटे चारला गेली तर कुणाचंच अडत नाही, रविवारी रात्री नऊला गेली तर सगळी टोळी बाहेर. म्हणून महिनाअखेरीला मी टक्के मांडत नाही. सर्व्हर पडला तेव्हा आत किती जण होते आणि किती मिनिटं बाहेर राहिले, याचा गुणाकार ग्रुपवर टाकतो. आकडा वाढला की पुढच्या वर्गणीतून रॅम वाढवायची की ते रेडस्टोनचं यंत्र मोडायचं, यावर पोरांची रात्री उशिरापर्यंत जुंपते.